बावट्याचा मुलूख

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका मागे पडला की भिंतींवरची निशाणी बदलते. एसटीच्या थांब्यांवर, विहिरींच्या कठड्यांवर, शाळेमागच्या कुंपणावर विळा-हातोडा दिसू लागतो. काही ठिकाणी रंग ताजा असतो, तर काही ठिकाणी दोन-तीन निवडणुकांपूर्वीचा, पावसाने फिका पडलेला. अच्छाडच्या सीमेपलीकडे गुजरात सुरू होतो आणि तिथे ही निशाणी एकदम थांबते. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आमदार आज फक्त एका जागेवर आहे. ती जागा याच पट्ट्यातली, डहाणूची.

बदलत्या प्रदेशांतलं राजकारण असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा लांबच्या देशांची नावं आधी मनात आली. पण मुंबईपासून दोन-अडीच तासांवर एक डावी चळवळ उभी राहिली, ऐंशी वर्षं टिकली आणि मराठी वाचकाला तिची आठवण फक्त मोर्चा मुंबईत आला की होते. गिरणगावातला लाल झेंडा गिरण्यांबरोबर गेला. ज्यांना ना गिरणी होती ना पगारपत्रक, त्या वारल्यांच्या पाड्यांवर मात्र तो राहिला. तो इथे का रुजला, कशावर टिकला आणि आता या प्रदेशात जे चाललं आहे त्यात त्याचं काय होणार, हे पाहायला मी डहाणू-तलासरीला गेलो.

पिशवीतले कागद

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर, कुडाच्या घराच्या ओट्यावर एका आजीने प्लास्टिकची पिशवी उलटी केली. आत वनपट्ट्याची फाईल होती. पक्षाचा कार्यकर्ता उकिडवा बसून एकेक कागद बाजूला लावत होता. नमुना 'अ' मधला दाव्याचा अर्ज, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, गावातल्या दोन वयस्कांचे जबाब, जीपीएसवर मोजणी केलेला नकाशा. सगळ्यांत खाली चौपदरी घडी घातलेली, कडा झिजलेली एक पावती होती. वनखात्याने आजीच्या सासऱ्याला दंड केल्याची. गुन्हा काय, तर राखीव जंगलात अतिक्रमण करून नागली पेरली.

कार्यकर्त्याने ती पावती दोन्ही हातांनी सपाट केली आणि फाईलच्या सर्वांत वर ठेवली. या फाईलीतला सगळ्यात मजबूत पुरावा तोच आहे, असं त्याने मला सांगितलं.

यामागचा कायदा समजून घेतला पाहिजे, कारण आज इथल्या राजकारणाचा निम्मा भाग त्याच्याभोवती फिरतो. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होते, ती इंग्रजांच्या काळात कागदोपत्री सरकारी जंगल झाली. कसणारा आपल्याच शेतावर अतिक्रमणदार ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय झाल्याचं मान्य केलं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, तिच्यावर त्याचा हक्क, कमाल मर्यादा ४ हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाने पुढच्या पिढीकडे जातो, विकता मात्र येत नाही. दावा आधी ग्रामसभेच्या वन हक्क समितीपुढे, मग प्रांताच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीपुढे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत होतो हे सिद्ध कसं करायचं? सातबारा नाही, खरेदीखत नाही. तिथे वनखात्याच्याच जुन्या दंडाच्या पावत्या कामाला येतात. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच मुलाला मालक करतो. ज्यांनी भीतीने किंवा रागाने पावत्या फाडून टाकल्या, त्यांचे दावे अडले.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत पावसाळे उलटतात. दोन एकर कसणाऱ्याला काही गुंठ्यांचा पट्टा हाती पडतो. मोजणीला आलेला माणूस बांधापर्यंत न जाता झाडाखाली बसून नकाशा करतो, अशी तक्रार पाड्यापाड्यांवर ऐकू येते. दावा फेटाळला तर कारण लेखी कळवायचं असतं आणि अपिलाची मुदत असते. ती मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे मजुरीला बाहेर गेलेल्या माणसाला कळत नाही. मधला हा सगळा मार्ग चालून जायला कोणीतरी लागतं. अर्ज लिहून देणारं, तारीख लक्षात ठेवणारं, प्रांताच्या दारात चार माणसं घेऊन उभं राहणारं. इथे ते काम लाल बावटा करतो. तसं ते इतर संघटनाही करतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

फाईल पुन्हा पिशवीत भरताना आजीने कार्यकर्त्याला विचारलं, "यंदा तरी होल ना रे?" त्याने होईल असं म्हटलं नाही. प्रांताकडची तारीख सांगितली आणि त्या दिवशी सकाळी किती वाजता निघायचं ते सांगितलं.

गवताचा दर

ही चळवळ १९४५ साली उभी राहिली, तेव्हा तलासरी हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. १९४५ च्या आधी इथल्या वारल्यांची स्थिती काय होती, हे सरकारलाही ठाऊक होतं. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ती नोंदवलेली आहे. जमीन शेठ-सावकारांची, आणि कूळ म्हणून वारली ती कसणार ते खंडावर. स्वतःच्या शेतात पेरणी करायच्या आधी मालकाच्या शेतात फुकट राबायचं, ही वेठ. पावसाळ्यात पोटाला धान्य उधार घ्यायचं आणि पीक आल्यावर दीडपटीने फेडायचं, ही खावटी. आणि लग्नासाठी कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं. त्या माणसाला लग्नगडी म्हणत. मालकाची नजर त्याच्या बायकोवर पडली तर दाद मागायला जागा नव्हती.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला कम्युनिस्टांच्या किसान सभेची प्रांतिक परिषद झाली. उंबरगाव भागातून काही वारली तिथे गेले, त्यांत माह्या धांगडा होते. आपलं गाऱ्हाणं त्यांनी तिथे मांडलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य या परिषदेच्या मागे उभं होतं. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य, मुंबईत घरगड्यांची संघटना बांधलेल्या. अशी बाई डहाणूच्या जंगलात पाड्यापाड्यांनी हिंडू लागली आणि वारली तिला गोदाराणी म्हणू लागले.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ बंद, लग्नगडी मुक्त, मजुरीशिवाय काम नाही, हे ठराव झाले. ठराव करून सभा पांगली असती तर इतिहासात एका ओळीचीही जागा मिळाली नसती. पण लोक बावटा घेऊन गावोगाव मालकांच्या दारात गेले आणि लग्नगड्यांना बाहेर बोलावून घेऊन आले. पिढ्यांची गुलामी काही आठवड्यांत सुटली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकीगत आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते वाचलं तरी चालेल.

त्यानंतरचा लढा मजुरीचा होता आणि तो गवतावर झाला. पावसाळा संपला की या भागातल्या माळांवर कमरेइतकं गवत उभं राहतं. ते कापून, बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे पाठवायचा मोठा व्यापार होता. गवत ठरावीक दिवसांतच कापावं लागतं, उशीर झाला की ते वाळून निकामी होतं. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ते काही आठवडे मालक मजुरावर सर्वांत जास्त अवलंबून असतो. किसान सभेने नेमका तोच वेळ धरला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा उचलणार नाही.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोदाराणीची सभा आहे, असा खोटा सांगावा पाड्यांवर फिरवला गेला. लोक जमले, दुसरीकडे पोलिसांना दंगलीची वर्दी गेली. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यात यायला बंदी झाली. संप मोडला नाही, दर मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी मालकांनी शब्द फिरवला तेव्हा गवताबरोबर जंगलतोडीचं कामही बंद पडलं. १० ऑक्टोबरला तलासरीत दर वर्षी हुतात्मा दिन होतो आणि पाड्यापाड्यांतून माणसं येतात. नऊ वर्षांनी, १९५४ मध्ये, दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली, तेव्हाही या बावट्याखालचे वारली त्या लढ्यात होते.

शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. ऑगस्ट १९६५ मध्ये आर्थर रोड तुरुंगात कैदी असताना त्यांचा मृत्यू झाला. गोदावरीबाई १९९६ पर्यंत होत्या.

वसतिगृहं आणि सवते सुभे

पुढाऱ्यांच्या पुण्याईवर एखादी चळवळ एक पिढी तगते. तिसरी आणि चौथी पिढी तगते ती रोजच्या यंत्रणेवर. तलासरीत ही यंत्रणा डोळ्यांना दिसते. पाड्यावर पक्षाची शाखा, तिची सभासद फी, किसान सभेची वेगळी पावती, महिला संघटनेची वेगळी. भांडण झालं, जमीन अडली, रेशन कापलं गेलं की माणूस आधी शाखेत येतो. तिथे पाड्यातली माणसं बसून निवाडा करतात आणि बोलणं वारलीत होतं. आदिवासी प्रगती मंडळाच्या शाळा आणि वसतिगृहं आहेत, गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. आजचे बहुतेक कार्यकर्ते तिथून शिकून आलेले. लहानू शिडवा कोम हे १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर गेले, म्हणजे एका पिढीत नेतृत्व पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसांकडून वारल्यांच्या स्वतःच्या हातात आलं. महाराष्ट्रातल्या फार थोड्या चळवळींना हे साधलं आहे आणि याचं श्रेय परुळेकरांना दिलं पाहिजे.

सध्याचे आमदार विनोद निकोले पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत. त्याआधी ते वडापावची गाडी चालवायचे. २०१९ साली त्यांनी जाहीर केलेली मालमत्ता ५१ हजार रुपयांच्या घरात होती. ते २०१९ मध्ये निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. दोन्ही वेळा मताधिक्य पाच हजारांच्या आसपासचं होतं आणि दोन्ही वेळा समोर भारतीय जनता पक्ष होता. त्याआधी २०१४ मध्ये ही जागा भाजपने जिंकलेली होती. म्हणजे हा गड अभेद्य नाही.

वसतिगृहांतून कार्यकर्ते घडवण्याचं काम समोरच्या बाजूनेही इथे केलं आहे. तलासरीत १९६० च्या दशकापासून विश्व हिंदू परिषदेचं वसतिगृह आहे. भाजपचे तीन वेळचे खासदार, वकील चिंतामण वनगा याच तालुक्यातले. एकाच पाड्यातली दोन मुलं, एक या वसतिगृहात तर एक त्या वसतिगृहात गेलं आणि पंचवीस वर्षांनी निवडणुकीत समोरासमोर उभं राहिलं, अशी उदाहरणं लोक सहज सांगतात.

डावी जागाही एकट्या बावट्याची नाही. १९७० च्या दशकात पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने सावकारांनी गिळलेल्या जमिनी सोडवल्या. १९७८ पासून डहाणूत कष्टकरी संघटना काम करते. तिचं आणि मार्क्सवादी पक्षाचं सुरुवातीच्या काळात चांगलंच वाजलं. वसई-भिवंडीकडे विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवण्याचं काम १९८२ पासून हाती घेतलं. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, सभासदांची पावती वेगळी, एकमेकांबद्दलच्या तक्रारीही भरपूर. पक्षाने या संघटनांकडे बराच काळ आपल्या शेतात घुसलेले परके म्हणून पाहिलं, हे चुकलं असं माझं मत आहे. वनहक्काच्या कायद्यासाठी देशभर जो रेटा लागला, त्यात अशा पक्षाबाहेरच्या संघटनांचा वाटा मोठा होता. तो कायदा नसता, तर आजीच्या पिशवीतल्या पावतीला कवडीची किंमत नव्हती.

नाशिकहून पायी

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला आणि १२ मार्चला आझाद मैदानात पोचला. सुमारे १८० किलोमीटर. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण इथली माणसं आणि पुढे ठाणे-पालघरमधून येऊन मिळालेली. बहुतेक आदिवासी, त्यांत बायका मोठ्या संख्येने. पहिली मागणी वनपट्ट्यांची होती. शहराने मात्र त्याच्याकडे कर्जमाफीचा मोर्चा म्हणून पाहिलं, कारण शेतकरी म्हटलं की शहराला तेवढंच ठाऊक असतं.

चाळीस हजारांच्या पुढची माणसं सहा दिवस रस्त्याने चालवायची तर काय लागतं, हे त्यात असलेल्यांकडून ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक गावाने तांदूळ, डाळ, सरपण घरोघर गोळा केलं. तालुक्याचा टेम्पो पुढे जाऊन मुक्कामावर चुली लावायचा. गावाची तुकडी गावाच्या फलकामागे चालायची, रात्री फलक मोजले की माणसं मोजली जायची. पाण्याचे टँकर, पायाला पट्ट्या बांधणारे डॉक्टर, कसारा घाटात एका बाजूने रांग, ही सगळी शिस्त पाड्यातल्या शाखांची होती. ११ तारखेला मोर्चा सोमय्या मैदानावर आला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुलांचे हाल होतील, म्हणून दिवसभर चाललेली ही माणसं न झोपता रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाली. फुटलेले, सोललेले तळवे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला घेऊन रस्ते गाठले.

सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं आश्वासन दिलं. परतीसाठी खास गाड्या सोडल्या.

सहा महिन्यांत ते झालं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोर्चा निघाला, तो नाशिकजवळच नव्या आश्वासनावर थांबला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. देशभर हलकल्लोळ झाल्यावर पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. पण त्या पंधरा दिवसांत पाड्यांवर काय वातावरण होतं, ते अजून लोकांच्या बोलण्यात येतं. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून मोर्चा वाशिंदपर्यंत आला, तिथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला आणि पुन्हा लेखी आश्वासन घेऊन लोक परतले. मागण्यांच्या यादीतला पहिला मुद्दा दर वेळी वनजमिनीचा.

आणि ज्या भागातून हे मोर्चे निघाले तिथे निवडणुकीत काय झालं? सुरगाण्या-कळवणमधून सात वेळा आमदार झालेले जे. पी. गावित २०१९ मध्ये हरले, २०२४ मध्येही हरले. मोर्चाला लाल टोपी आणि मताला दुसरं चिन्ह, हे आदिवासी पट्ट्यात आता नवं राहिलेलं नाही. पट्टा मिळवून देतो तो बावटा. रस्ता, सभामंडप आणि योजनेचा हप्ता मिळतो तो सत्तेतल्या आमदाराकडून. लोक दोन्हीकडून आपलं काम करून घेतात, आणि त्यांना त्यासाठी दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही.

रूळ, बंदर, चिकूच्या वाड्या

२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर इथे जे येतं आहे ते पाहताना छाती दडपते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. त्याचे खांब आता भातशेतांच्या वर उभे आहेत. जिल्ह्यातले थांबे विरार आणि बोईसरला, ज्या पाड्यांची जमीन खांबांखाली गेली त्यांच्याजवळ थांबा नाही. मुंबई-दिल्ली द्रुतगती मार्गही इथूनच जातो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर.

वाढवणची गोष्ट जरा जुनी आहे. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणला बंदर होऊ दिलं नाही. किनाऱ्यावरच्या चिकूच्या वाड्या, साचे घडवणाऱ्या डायमेकरांचे घरगुती कारखाने आणि मांगेला-कोळ्यांची मासेमारी आणखी पंचवीस वर्षं चालली. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांखाली, बंदराला मंजुरी दिली.

या बंदराने एक नवी गोष्ट घडवली. किनाऱ्यावरचा मच्छीमार आणि डोंगरातला वारली यांचं राजकारण कधी एक नव्हतं. त्यांचे बाजार वेगळे, पुढारी वेगळे, पक्षही वेगळे. बंदरासाठी समुद्रात भराव घालायचा आहे आणि भरावाचा दगड-मुरूम डोंगरातल्या खाणींतून यायचा आहे. त्यामुळे मोर्चांत लाल बावटा आणि मच्छीमारांचे फलक शेजारी दिसू लागले. ही मैत्री अजून कच्ची आहे. मच्छीमाराला बंदर नको आहे. डोंगरातल्या तरुणाला खाण नको आहे, पण बंदरातली नोकरी मिळाली तर हवी आहे, आणि हे तो लपवत नाही.

जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न याहून अवघड आहे. सातबारा असलेल्याला रक्कम मिळाली. काहींनी घर बांधलं, काहींनी गाडी घेतली, काहींच्या खात्यातले पैसे भाऊबंदकीत आणि दलालांत वर्षभरात संपले. ज्याचा वनदावा अजून फाईलीत आहे, त्याने मोबदला मागायचा कोणत्या कागदावर? पट्टा वेळेत मिळणं आणि न मिळणं यात आता लाखोंचा फरक आहे. भरीला, २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. लोकांनी त्या थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. एवढ्या सगळ्या उलथापालथीत पाड्यावरच्या माणसाला विचारायला, तक्रार सांगायला जी एक जागा आहे ती शाखा आहे. बावट्याचं बळ त्यात आहे.

सकाळच्या बसगाड्या

पण बावट्याची खरी परीक्षा पाड्यावर होणार नाही. ती पहाटे महामार्गाच्या कडेला होते.

उजाडायच्या आत तलासरी नाक्यावर पोरं-पोरी उभ्या असतात. पाठीवर सॅक, आत डबा, कानात इअरफोन. वापी, उंबरगाव, सिल्वासा आणि इकडे बोईसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या त्यांना उचलतात. बहुतेक सगळे कंत्राटावर. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या कोणालाच मूळ कंपनीचं ओळखपत्र नव्हतं, ठेकेदाराचं होतं. ठेकेदार बदलला की नोकरी नव्याने सुरू होते. जुनी सेवा, जुना भविष्यनिर्वाह निधी कुठे गेला, ते विचारायला जागा नाही. बोट कापलं गेलं तर उपचार होतात आणि पुढच्या महिन्यापासून बोलावणं बंद होतं. तुमच्याकडे युनियन आहे का, असं विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, "ते गावाला आहे." त्याच्या घरावर बावटा आहे, त्याचा आजा १० ऑक्टोबरला तलासरीला जायचा, तो स्वतः २०१८ च्या मोर्चात चालला होता. कारखान्यात मात्र तो एकटा आहे.

अडचण खरी आहे. तो मत महाराष्ट्रात देतो आणि राबतो गुजरातेत किंवा दादरा-नगर हवेलीत. त्याने निवडून दिलेल्या आमदाराचा त्याच्या कारखान्यात शब्द चालत नाही. ज्या राज्यात तो राबतो तिथल्या आमदाराला त्याच्या मताची गरज नाही. त्याच्या शेजारच्या मशीनवर बिहारचा, ओडिशाचा माणूस असतो. पाड्यातली शाखा ज्या जिव्हाळ्यावर चालते, एक बोली, एक देव, एक पाणवठा, त्यातलं तिथे काहीच नाही. वनहक्काच्या लढाईत ग्रामसभा हे हत्यार आहे. कारखान्याला ग्रामसभा नसते.

आणि ज्यांना कारखाना मिळत नाही, ते दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालक पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. घरात लग्न असेल तर उचल मोठी असते. मग जोडपं हंगामभर विटा पाडतं आणि हिशेबाच्या दिवशी मालकाच्या वहीत देणं शिल्लकच निघतं. पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं. १९७६ पासून वेठबिगारी हा कायद्याने गुन्हा आहे. तरी आज अशा जोडप्यांना सोडवून आणल्याच्या बातम्या येतात. झरीच्या सभेने ज्याला मोकळं केलं तो लग्नगडी इतक्या वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या मालकाकडे उभा आहे आणि त्याच्या मागे कोणाचाच बावटा नाही.

पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे दिसत नाही असं नाही. एका शाखेत मी हा विषय काढला तेव्हा बराच वेळ बोलणं झालं. आपली ताकद गावात आहे आणि जमिनीचं काम अजून संपलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरंच आहे. दावे पडून आहेत आणि बुलेट ट्रेनचा मोबदला अडला आहे. बंदराचं काम सुरू आहे. जी माणसं आहेत ती या कामांतच पुरी पडत नाहीत. त्यांच्याकडे पूर्णवेळ कार्यकर्ते किती कमी आहेत आणि किती तुटपुंज्या मानधनावर ते राबतात, हे पाहिल्यावर शहरातून आलेल्या माणसाने उपदेश करायला जीभ रेटत नाही.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. १९४५ चा पहिला विजय जमिनीचा नव्हता. वेठ थांबवण्याचा आणि गवताच्या मजुरीचा होता. ५०० पौंडांना अडीच रुपये, ही मागणी कुळाची नाही, मजुराची आहे. जमीन नंतर आली. डहाणू-तलासरीची नवी पिढी पुन्हा मजूर झाली आहे, कारखान्यातली आणि भट्टीवरची. तिच्या कामाचा दर आज ठेकेदार एकटा ठरवतो. किसान सभेने, कष्टकरीने, श्रमजीवीने आणि वापी-बोईसरच्या कामगार संघटनांनी आपापसातली जुनी भांडणं बाजूला ठेवून या पोरांसाठी एक सामाईक कचेरी नाक्यावर उघडावी. तिथे पगाराच्या स्लिपा, भविष्यनिर्वाह निधीचे आकडे आणि उचलीच्या वह्या तपासल्या जाव्यात. वनपट्ट्याच्या फाईली चालवणाऱ्या माणसांना कागदाचं काम येतं. ते आता पाड्यावरून नाक्यावर आणायला हवं, आणि ते याच हंगामात करायला हवं, कारण दिवाळी झाली की भट्ट्या पेटतात.